आधी अर्ज, मग तालीम

निर्मात्याला हो म्हणण्याआधी एकच गोष्ट विचार: तालीम किती दिवस? मानधन किती, दौरे कुठे, जाहिरातीत नाव कितव्या ओळीत, हे सगळं नंतर. तालीम किती दिवस, ती कोण घेणार आणि सगळा संच रोज हजर असणार का, एवढं आधी विचार. शिक्षण थांबवायचं की नाही ते या उत्तरांवरच ठरव. सर काय म्हणाले, मावशी काय म्हणाली, बॅचमधली मुलं काय म्हणतात, हे सगळं त्यानंतरचं.

तुझा फोन आल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. खूप आनंद झालाय मला. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला व्यावसायिक नाटकात विचारणा होते, तीही दोन वाक्यांच्या नाही तर चांगल्या लांबीच्या भूमिकेसाठी, ही मोठी गोष्ट आहे. आणि ती नशिबाने घडलेली नाही. एकांकिका स्पर्धेत त्या निर्मात्याने तुझं काम पाहिलं म्हणून घडली. आपल्याकडे ही वाट जुनी आहे. १९९३ सालचं ‘ऑल द बेस्ट’ कॉलेजच्या एकांकिकेतूनच व्यावसायिक रंगभूमीवर आलं. ‘संगीत देवबाभळी’सुद्धा आधी एकांकिका होती. निर्माते, दिग्दर्शक पुरुषोत्तम करंडकाच्या, सवाई एकांकिका स्पर्धेच्या प्रेक्षागृहात बसतात ते याच शोधात. तेव्हा ‘मला कसं काय विचारलं’ हा प्रश्न सोडून दे. तू चांगलं काम केलंस, म्हणून विचारलं. आता ‘मी जाऊ का’ एवढ्यावरच बोलू.

व्यावसायिक नाटकाचं काम दोन तऱ्हांनी येतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक म्हणजे रिप्लेसमेंट. चालू नाटकातल्या मुलीला मालिका मिळाली, तिचं लग्न ठरलं किंवा तारखा जुळेनात, म्हणून तिच्या जागी तू. तुला नाटकाचं रेकॉर्डिंग मिळतं, दोन प्रयोग विंगेत बसून बघायला मिळतात, साहाय्यक दिग्दर्शक हालचाली बसवून देतो. मोठे नट एखाद्याच तालमीला येतात, कारण त्यांना नाटक पाठ असतं. तिचेच कपडे तुझ्या मापाचे करून देतात आणि शनिवारी दुपारी तू प्रेक्षकांपुढे उभी. तिने जिथे थांबून टाळी घेतली तिथे तूही थांबायचं, कारण समोरच्या नटाचं पुढचं वाक्य त्या थांबण्यावर बेतलेलं असतं. हे काम कमी प्रतीचं नाही. आयत्या वेळी उभं राहून नाटक वाचवणाऱ्या नटांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण यासाठी शिक्षण थांबवू नकोस. यात तुझी हिंमत वाढेल, भूमिका कशी घडते ते मात्र कळणार नाही. असलं काम शनिवार-रविवार सांभाळून करता आलं तर कर, नाही तर नम्रपणे नाही म्हण.

दुसरं म्हणजे नवं नाटक. संहितेचं वाचन होतं, लेखक समोर असतो, प्रवेश पुन्हा लिहिले जातात. महिना-दीड महिना तालीम चालते. बसून वाचन, मग उभं राहून हालचाली, मग सलग अंक, मग नेपथ्यासह, शेवटी रंगीत तालीम. दिग्दर्शक तुला एकाच वाक्यासाठी संध्याकाळभर थांबवतो. तुझ्या समोर तीस-पस्तीस वर्षं रंगमंचावर काढलेली एखादी बाई आपली भूमिका शोधत असते, चुकत असते, पुन्हा मागे जात असते, आणि ते तुला रोज चार हातांवरून बघायला मिळतं. असं काम असेल तर माझं मत स्वच्छ आहे: रजा घे आणि जा.

आता तू म्हणशील, ताई, मग पदवी कशाला पूर्ण करायची? तीस वर्षं काम केलेल्या बाईकडून शिकले तर वर्गात काय राहिलं? याचं उत्तर मला तुला सविस्तर द्यायचंय, कारण परत येण्याचा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

व्यावसायिक नाटक तुला वाईट काम करायला वेळ देत नाही. वर्ग देतो. पहिल्या वर्षाला तू म्हातारी केली होतीस, आठवतं? पाठीतून वाकत होतीस आणि आवाज मात्र विशीचा. सगळ्यांनी मिळून तुला समजावलं, पुन्हा कर म्हणाले, तू पुन्हा केलंस. ते काम बाहेर तुला कोणी दिलं असतं? बाहेर तुझा चेहरा, उंची आणि वय बघून भूमिका देतात. पुढची कित्येक वर्षं तुला मुलगी, मग प्रेयसी, मग सून एवढंच विचारतील, आणि त्यात निर्मात्याचा दोष नाही. पाच-सातशे खुर्च्या भरायच्या असतात, तिथे तो एकविसाव्या वर्षाच्या मुलीला नाना फडणवीस देणार नाही. वर्गात देतात. वर्गात तू शूद्रक करतेस, चेखॉव्ह करतेस, ब्रेख्तसाठी गातेस, तमाशातली बतावणी उचलून बघतेस. प्रकाशयोजनेच्या तासाला शिडीवर चढून स्पॉट फिरवतेस, त्यामुळे पुढे रंगमंचावर आपल्यावर उजेड कुठे आहे हे न बघता कळतं. एका सत्रात तुला भूमिकाच नसते, तू प्रॉपर्टी सांभाळतेस आणि दुसऱ्याचं नाटक विंगेतून बघतेस. हे सगळं पुढे कुठे मिळणार नाही, कारण यातल्या कशाचंच तिकीट विकता येत नाही.

पूर्वी मिळायचं, हेही खरं. तेव्हा नाटक मंडळी हीच शाळा होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ केलं आणि त्यांच्या मंडळीने पुढे कित्येक पोरं घडवली. नारायण राजहंस म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली या मंडळीत आले तेव्हा विशीही ओलांडली नव्हती. तिथे राहणं, जेवण, गाणं आणि तालीम सगळं एका छपराखाली. गोविंद बल्लाळ देवलांसारखा नाटककार तालीम मास्तर म्हणून पोरांकडून एकेक वाक्य घोटून घ्यायचा. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली ती या शिक्षणावरच. म्हणून कोणी तुला म्हणालं, ‘बालगंधर्वांनी कुठली पदवी घेतली होती?’ तर त्यांना सांग, की त्यांना मंडळी होती. आजचं व्यावसायिक नाटक मंडळी नसतं. एका नाटकापुरते आठ-दहा नट आणि तंत्रज्ञ जमतात, प्रयोग संपले की पांगतात. प्रत्येकाची दुसरीकडे मालिका, तिसरीकडे चित्रपट. कोणी वाईट नसतं, पण तुला बसवून शिकवायला कोणाकडे वेळ नसतो. जे शिकशील ते बघून शिकशील, आणि काय बघायचं हे समजण्यासाठी आधी थोडं शिकलेलं असावं लागतं.

याला अपवाद घडवणारे दिग्दर्शक झाले. विजयाबाई मेहतांनी १९६० मध्ये ‘रंगायन’ सुरू केलं आणि पुढे ‘बॅरिस्टर’, ‘हमीदाबाईची कोठी’ अशी नाटकं व्यावसायिक रंगभूमीवर केली तेव्हा तालमीची तीच शिस्त तिथे नेली. त्यांच्या हाताखाली काम केलेले नट अजून त्या तालमींबद्दल बोलतात. म्हणून मी तुला तालीम कोण घेणार ते विचारायला सांगते. दिग्दर्शकाचं आधीचं एखादं नाटक बघ. मोठ्या नटांकडे लक्ष देऊ नकोस, त्यातल्या लहान भूमिका बघ. चहा आणून देणारी मुलगी, शेजारी, पोस्टमन. ती माणसं नीट उभी असतील तर तो दिग्दर्शक सगळ्यांना शिकवतो. ती नुसती येऊन जात असतील तर तुझ्याही बाबतीत तेच होईल.

मी तिसऱ्या वर्षाच्या आधी रजा घेतली होती, हे तुला माहीत आहे. तेव्हा तू शाळेत होतीस. मला त्या वर्षाने जे दिलं ते वर्गात मिळालं नसतं, हेही तितक्याच ठामपणे सांगते. वर्गातल्या नाटकाचे दोन-तीन प्रयोग होतात आणि सेट मोडतात. पंचविसाव्या प्रयोगाला काय होतं ते तिथे कळतच नाही. शुक्रवारी दादरला शिवाजी मंदिरात ज्या वाक्यावर प्रेक्षागृह हसलं, त्याच वाक्यावर रविवारी दुपारी कोथरूडला यशवंतरावमध्ये शांतता. पहिल्यांदा असं झालं की नट घाबरतो आणि पुढचं वाक्य जोरात टाकतो. दहाव्यांदा तो श्वास घेतो, समोरच्याकडे बघतो आणि नाटक जिथे आहे तिथून उचलतो. गळा बसलेला असताना दोन अंक कसे काढायचे, जेवून लगेच प्रवेश असला तर काय खायचं नाही, डोंबिवलीच्या दुपारच्या प्रयोगानंतर रात्री ठाण्याला गडकरीत पुन्हा तितक्याच ताज्या मनाने कसं उभं राहायचं. रोज तेच वाक्य पहिल्यांदा सुचल्यासारखं म्हणणं हा नटाचा खरा व्यवसाय आहे, आणि तो प्रयोग करूनच येतो. मी वर्गात परतले तेव्हा मला अभ्यासक्रमातल्या कित्येक गोष्टी पहिल्यांदा कळल्या. स्तानिस्लावस्की परीक्षेसाठी वाचला होता, परत आल्यावर गरजेसाठी वाचला. हा फायदा परत आल्यानेच मिळतो. म्हणून माझं तुला दोन्ही सांगणं आहे, जा आणि ये.

आता कागद. इथे तू कंटाळशील, पण हाच भाग काळजीने ऐक. आपल्याकडे मुलं रजा घेत नाहीत, नुसती यायची थांबतात. सरांना तोंडी सांगितलेलं असतं, सर मनाने चांगले असतात, ‘जा गं, बघू आपण’ म्हणतात. मग हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते, परीक्षेचा अर्ज अडतो, सर बदलून जातात, आणि दोन वर्षांनी कार्यालयात कोणाला तुझं नावही माहीत नसतं. पुणे असो, मुंबईची कलिना असो, छत्रपती संभाजीनगर असो, नाट्यशास्त्र विभाग छोटे आणि घरगुती असतात, पण परीक्षा विद्यापीठाची असते. परीक्षा विभाग घरगुती नसतो. म्हणून विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिही. कोणत्या सत्रापासून कोणत्या सत्रापर्यंत रजा हवी, कारण काय, परत कधी येणार, हे तिन्ही त्यात असू दे. सोबत निर्मिती संस्थेचं पत्र जोड. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घे आणि तिचा फोटो आईच्या फोनमध्येही ठेव.

शक्य असेल तर चौथ्या सत्राची परीक्षा देऊनच नीघ. तालीम थोडी आधी सुरू होणार असेल तर निर्मात्याशी बोल. परीक्षेच्या प्रात्यक्षिकासाठी चार दिवस मागणं यात गैर काही नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र, दुसरं पूर्ण करून थांबलं तर पदविका, अशी सोय आहे. तुझे क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. यूजीसीने ही बँक २०२१ साली आणली आणि साधारणपणे ७ वर्षं ते क्रेडिट धरले जातात. तुझा एबीसी आयडी काढलेला आहे ना, आणि त्यात तिन्ही सत्रांचे क्रेडिट चढलेत ना, ते आजच बघ. पण एक लक्षात ठेव. असं प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडणं आणि रजा घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर पडलीस की परत येताना पुन्हा प्रवेश, म्हणजे जागा आहे का तेही आलं. रजेत तुझं नाव पटावर राहतं. विभागात यातली कुठली वाट मिळते ते विचार आणि रजा मिळत असेल तर रजाच घे. शिवाय अभ्यासक्रम बदलत असतील तर परत आल्यावर जुने विषय नव्या विषयांशी कसे जुळवणार, हेही लेखी मागून घे. वसतिगृहाची खोली, शिष्यवृत्ती, एसटी आणि लोकलचा विद्यार्थी पास, हे सगळं खंड पडला की अडकतं. शिष्यवृत्तीच्या कागदावर खंडाबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाच, मैत्रिणीला विचारू नकोस.

पाचव्या सत्रात तुमच्या बॅचचं नाटक आहे. त्यात तू असणार असं त्यांनी धरलेलं आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तूच त्यांना सांग. ती मुलं पुढची चाळीस वर्षं तुझ्या आसपास याच व्यवसायात असणार आहेत, कोणी लेखक होईल, कोणी दिग्दर्शक, कोणी निर्माता. त्यांना रागावू दे, पण फसवल्यासारखं वाटू देऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात. व्यावसायिक नाटकात पगार नसतो, नाइट असते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. तालमीच्या दिवसांचे पुष्कळ ठिकाणी काही मिळत नाही, मिळालं तर प्रवासापुरतं. म्हणजे पहिले दोन महिने तू घरच्या पैशावर आहेस असं धर. प्रयोग मुख्यतः शुक्रवार ते रविवार, शिवाय सुट्ट्या. मे महिना आणि दिवाळीनंतरचे दिवस भरलेले असतात. मुलांच्या परीक्षा लागल्या की बुकिंग पडतं, धो धो पावसात पडतं, निवडणुका आल्या की नाट्यगृहं मिळत नाहीत. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी वाटल्या जातात, त्यामुळे पुढच्या तिमाहीत साधारण किती प्रयोग लागलेत ते निर्मात्याला विचारता येतं. विचारणं हा उद्धटपणा नाही. नाइट किती, किती दिवसांनी मिळणार, दौऱ्यावर राहण्या-जेवणाचं कोण बघणार, एका दिवसात दोन प्रयोग असतील तर दोन नाइट्स ना, हे एका साध्या ई-मेलमध्ये लिहून घे. माझी काही प्रयोगांची रक्कम एका निर्मात्याकडे कायमची राहिली. तेव्हापासून मी पहिला प्रश्न तालमीचा विचारते आणि दुसरा पैशाचा, आणि दोन्ही उत्तरं लेखी घेते.

दौरा तुला आवडेल. नाटकाची बस, रात्री ढाब्यावर थांबणं, कोल्हापूर-सांगली-मिरज अशी सलग गावं, सोलापूरच्या प्रेक्षकांनी प्रयोगानंतर येऊन डोक्यावर हात ठेवणं. यात राहून नट मोठा होतो असं मला वाटतं. पण तू बाईमाणूस आहेस, वयाने सगळ्यांत लहान आहेस आणि नवी आहेस, म्हणून तीन गोष्टी. खोलीत कोणासोबत राहणार हे निघण्याआधी व्यवस्थापकाला विचारून घे, गावात पोचल्यावर नाही. संचातल्या एका वयस्क बाईला पहिल्या दिवसापासून आपलं मान. आपल्या रंगभूमीवर अशा बायका आहेत, त्या नव्या मुलीला पंखाखाली घेतात, फक्त आपण जाऊन त्यांच्याजवळ बसावं लागतं. आणि कोणाचं वागणं, बोलणं, हात खटकला तर ‘नाटकात असंच असतं’ हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नकोस. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नाटकालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते. आणि समितीच्याही आधी मला फोन. मध्यरात्री कर. कुठल्याही गावातून कर.

बाबांना काय सांगायचं, असं तू दोनदा विचारलंस. बाबा म्हणणार, डॉ. श्रीराम लागूंनी आधी शिक्षण पूर्ण केलं, डॉक्टरकी केली आणि मग १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. ते म्हणणार, १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते आणि नाना करणारे मोहन आगाशे मनोविकारशास्त्रातले. त्यांनी कुठे शिक्षण थांबवलं? बाबांचं म्हणणं खोटं नाही, त्यांच्याशी वाद घालू नकोस. फक्त एवढं सांग, की त्या मंडळींचं शिक्षण एका विषयाचं होतं आणि नाटक दुसरं. दोन्ही वेगवेगळ्या वेळेला करता येत होतं. तुझं शिक्षण आणि तुझं काम एकच आहे आणि दोन्हींच्या वेळा एकमेकींवर येतात. सकाळी आठला शरीराचा तास आणि रात्री साडेबाराला बोरिवलीहून सुटलेली बस, हे एकाच माणसाला फार दिवस जमत नाही. दोन्ही ओढायला गेलीस तर दोन्हीकडे अर्धी पोचशील. म्हणूनच रजा. आणि बाबांच्या मनात खरी भीती वेगळी आहे, ती ते बोलणार नाहीत: ही परत येणार नाही. त्यावर युक्तिवाद चालत नाही. त्यांना परत येण्याची तारीख असलेला अर्ज दाखव. जमलं तर आईला एक दिवस तालमीला घेऊन जा. काम करताना तुला बघितलं की तिला कळेल.

आता दोन शक्यता, आणि दोन्हींची तयारी आजच कर. पहिली, नाटक चाललं नाही. हे फार होतं गं, आणि चांगल्या नाटकांचंही होतं. शुभारंभाची तारीख परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रापासून नेपथ्यापर्यंत कशानेही पुढे जाऊ शकते, मग पंधरा-वीस प्रयोग होतात आणि एका रविवारनंतर पुढची जाहिरातच येत नाही. त्या वेळी सत्र मध्यावर असतं आणि विभाग तुला मधेच बसवू शकत नाही. म्हणून वर्षाची रजा एकदम मागण्यापेक्षा सत्रासत्राने मागता येते का बघ. रिकाम्या महिन्यांत घरी बसू नकोस. विभागातल्या ग्रंथालयात जा, सकाळचा आवाजाचा रियाज सोडू नकोस, कोणाच्या प्रायोगिक नाटकाला बॅकस्टेजला हात दे. नाटक बंद पडलं म्हणजे तू पडलीस असं मनात आलं तर ते खोडून काढ. बंद पडलेल्या नाटकाच्या तालमीसुद्धा तुझ्या अंगात राहतात.

दुसरी शक्यता जास्त कठीण आहे. नाटक धो धो चाललं. बोर्ड हाऊसफुल, शंभरावा प्रयोग जवळ आलाय, परदेश दौऱ्याची बोलणी चालू आहेत आणि तुझं सत्र सुरू होतंय. तेव्हा सगळे प्रेमाने म्हणतील, आणखी सहा महिने. मग मालिकेची विचारणा येईल, रोजचे बारा-तेरा तास आणि नाटकाहून कितीतरी जास्त पैसे. त्या मालिकेसाठी रजा वाढवायची नाही, हे मी तुला आज, डोकं शांत असताना सांगून ठेवते. मालिकेचं काम चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही. तू नाटकासाठी रजा घेतलीस, ती नाटकाबरोबर संपते. आणि नाटकाचं म्हणशील तर तारीख निर्मात्याला पहिल्याच भेटीत सांगायची: या महिन्यानंतर मी परत वर्गात जाणार, त्याआधी दोन महिने तुम्हाला आठवण करून देईन आणि नव्या मुलीला मी स्वतः उभी करून देईन. आपल्या रंगभूमीवर नट बदलणं नेहमीचं आहे, निर्माते त्यासाठी तयार असतात. त्यांना राग येतो तो आयत्या वेळी कळल्याचा. ज्या रिप्लेसमेंटला मी तुला नाही म्हण म्हणाले, तीच तुला त्या वेळी परत यायला मोकळं करेल. जी मुलगी तुझ्या जागी येईल तिला भरपूर वेळ दे. तुला मिळाला नसता इतका दे.

परत आल्यावर तू ज्युनिअर मुलांच्या बाकावर बसशील. ती तुला ‘ताई’ म्हणतील, काहीजण तुझ्याबरोबर फोटो काढतील, आणि एखाद्या सरांना तू जास्त शहाणी झाल्यासारखी वाटशील. पहिले काही आठवडे तुला सगळं संथ वाटेल. तिथे शंभर प्रयोग केलेत आणि इथे पुन्हा ‘अ’काराचा रियाज, असं वाटेल. त्या आठवड्यांत अजिबात निर्णय घेऊ नकोस. तेवढे ओलांडलेस की वर्गातला वेळ तुझा होतो. मग वाईट काम करायला लाग. मुद्दाम अशा भूमिका माग ज्या बाहेर कोणी देणार नाही.

तर सोमवारी सकाळी विभागात जा आणि अर्ज दे. त्याआधी निर्मात्याला फोन करून तालमीचं विचार. उत्तर मनासारखं आलं नाही तर अर्ज फाडून टाक आणि तासाला बस, अशा विचारणा तुला पुन्हा येतील. मनासारखं आलं तर रजा मंजूर झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत पहिल्या वाचनाला जाऊ नकोस. आणि शुभारंभाची तारीख ठरली की मला लगेच कळव, मी त्या दिवशी माझा प्रयोग घेणार नाही.